बोटाला लागेल अशी कड

थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या सालची गोष्ट. मिस्त्री दवाखान्यातून नाती बघून नुकताच घरी आला होता आणि दारात चपला काढता काढताच बायकोला सांगत होता, "अगं, दोघी अगदी सारख्या! एकीला मांडीवर घेतलं, परत दिलं, मग दुसरीला मागितलं, तर लेक म्हणते, बाबा, ही मघाचीच आहे."

"तुम्हाला कपाटं ओळखू येतात, माणसं कुठली?" बायको म्हणाली. "मला बघा, एका नजरेत कळलं. थोरलीचं कपाळ आपल्या लेकीचं आहे आणि धाकटीचं..."

धाकटीचं कपाळ कुणाचं हे राहूनच गेलं, कारण फोन वाजला.

"मिस्त्री, तुम्ही आमच्या घरात लावून तरी काय गेलात?"

आवाज ओळखीचा होता. गेल्या आठवड्यात ज्यांच्या घरच्या पट्ट्या त्याने बसवल्या होत्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई.

"का हो ताई? सुटली का कुठली?"

"पट्ट्या घट्ट आहेत. आमच्या सासूबाई सुटल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय सांगू तुम्हाला! तुम्ही काम करून गेलात त्या दिवसापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. बाथरूमला म्हणून निघतात आणि मधल्याच कपाटाशी उभ्या राहतात. बाहेरचं दार उघडायला जातात आणि भिंत चाचपतात. काल चहाचं भांडं शेगडीवर ठेवायचं तर शेजारी नुसत्या टेबलावर ठेवलं आणि गॅस पेटवून उभ्या राहिल्या. मी घरात होते म्हणून बरं. डॉक्टर म्हणतात वय झालं. अहो, पण वय काय एका दिवसात होतं का? तो तुमचा गोंद! इतका उग्र वास येत होता. त्यांच्या डोक्यात गेला असणार."

मिस्त्रीने काढलेल्या चपला पुन्हा पायात चढवल्या. आजवर लोकांनी त्याला नाना गोष्टींवरून बोल लावले होते. रंग जुळला नाही, कोपरा तिरका बसला, टेपाचे डाग राहिले. पण त्याच्या कामाने माणूस बिघडलं असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मी येतो," एवढंच तो बोलला.

मिस्त्री मूळचा सुतार. पण खुर्च्या-पलंग घडवायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. आता घरोघरी कारखान्यातलं तयार सामान. भुसा दाबून केलेल्या फळ्या, वरून गुळगुळीत लॅमिनेट आणि कडेला चिकटवलेली प्लॅस्टिकची अरुंद पट्टी. फळीचं पोट झाकायचं काम त्या पट्टीचं. ती उचलली की आत पाणी शिरतं, भुसा फुगतो आणि चांगलं टेबल बघता बघता पावासारखं होतं. पण पट्टी उचलली म्हणून मिस्त्रीला कुणी बोलावत नाही. तिच्यात अडकून कुणाची बाही फाटली, कुणाला ओरखडा आला, की मग आठवण होते.

तो यायचा ते पिशवीत कपड्यांची जुनी इस्त्री घेऊन. पट्टीवर फडकं धरायचं, वरून इस्त्री फिरवायची, आतला जुना गोंद पाघळला की लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवायचं. जिथे गोंद पार मेलेला असेल तिथे खरवडून डब्यातला पिवळा गोंद दोन्ही अंगांना लावायचा, तो बोटाला चिकटेनासा झाला की मगच पट्टी बसवायची. या इस्त्रीमुळे त्याचं नाव इस्त्रीमिस्त्री पडलं होतं. बायको चारचौघांत सांगायची, "बाकीच्यांचे नवरे कपड्यांना इस्त्री करतात, आमचे कपाटांना. यांचा सदरा बघा, कुत्र्याच्या तोंडातून काढल्यासारखा."

काम झालं की त्याची एक परीक्षा असे. डोळे मिटायचे आणि कडेवरून बोट फिरवत जायचं. बोट अडखळलं तर काम कच्चं. डोळ्यांना फसवता येतं, बोटाला नाही, असं तो म्हणे. या परीक्षेत आपण नापास होत नाही याचा त्याला मनातल्या मनात फार अभिमान होता, आणि आयुष्यात अभिमान बाळगावा अशी दुसरी गोष्ट त्याच्याकडे नव्हती.

ताईंच्या घराकडे जाताना रस्ताभर तो त्या दिवसाचं काम आठवत होता. कुठे चुकलं?

त्या दिवशी ताईंनी दार उघडून त्याला घर दाखवलं होतं. "स्वयंपाकघरात शेगडीच्या टेबलाची पट्टी उचललीय, त्यात माझा स्वेटर फाटला. मधल्या खोलीत कपाटाच्या कोपऱ्याची. आईंच्या पलंगाजवळच्या खणांची. आणि दाराजवळ चपलांचं कपाट आहे, त्याची. सगळं एकदमच करून टाका." मग त्या कामावर निघून गेल्या. घरात उरल्या आजी.

आजी ठेंगण्या, ताठ, केस घट्ट बांधलेले. काम चालू असताना त्या मागे मागे फिरत होत्या.

"सगळ्याच चिकटवणार का रे?"

"हो आजी."

"ती कपाटाची राहू दे. ती कुणाला लागत नाही."

"आज लागत नाही, उद्या लागेल. एकदा उचलली की उचलतच जाते."

"उचलू दे की. तुझं काय जातं?"

"आजी, अर्धवट काम माझ्याच्यानं होत नाही. निम्मेच दात कुणी घासतं का?"

"मला आहेतच निम्मे," आजी म्हणाल्या. दोघंही हसले होते. पण थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या. "निदान शेगडीजवळची तरी ठेव. थोडीशीच. टोक तेवढं." मिस्त्रीला वाटलं, म्हातारी माणसं जुन्या गोष्टींना अशीच धरून बसतात. त्याने हसून मान हलवली आणि इस्त्री फिरवली.

मग चहा आला. आजींनी कपात चहा ओतताना आपलं बोट कपाच्या आत घालून ठेवलं होतं. मिस्त्रीने ते पाहिलं आणि त्याला कसंतरीच झालं. त्याने दोन घोट घेतले आणि बाकीचा आजींची पाठ वळल्यावर मोरीत ओतला.

जाताना मोठ्या खुशीत तो म्हणाला होता, "आजी, फिरवा बोट. सांगा बघू, कुठं सुटली होती पट्टी?"

आजींनी शेगडीच्या टेबलावरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत त्या टोकापासून या टोकापर्यंत. पुष्कळ वेळ. मग हळूच म्हणाल्या, "नाही रे कळत."

"बघा!" मिस्त्री म्हणाला होता. दिवसभर तो त्याच आनंदात होता.

आता जिना चढताना त्याला काही सुचत नव्हतं. पिवळा गोंद नेहमीचाच. डबा नवा होता, पण बनावट तीच. वासाने माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, हे त्याला ठाऊक होतं. पण वासाने माणूस दार सोडून भिंत चाचपेल? आणि वास तर सगळ्यांच्याच नाकात गेला असेल. मग ताईंना काही कसं झालं नाही? त्याला स्वतःला, इतकी वर्षं त्या वासात काढून, कसं काही झालं नाही? की झालंय, आणि आपल्यालाच कळत नाही? मघाशी नाती ओळखू आल्या नाहीत, ते त्यातलंच तर नव्हे?

ताईंनी दार उघडलं. चेहरा ओढलेला होता.

"या. आधी वास घेऊन बघा."

मिस्त्रीने खोली खोलीत जाऊन वास घेतला. टेबलाखाली वाकला, कपाटाच्या कोपऱ्याला नाक लावलं. कसलाच वास नव्हता. साबणाचा होता थोडा.

"वास गेलाय ताई."

"वास गेला, पण आई काही परत येत नाहीत," ताई म्हणाल्या आणि एकदम खुर्चीवर बसल्या. "हे बघा, मी तुमच्याशी भांडायला नाही बोलावलं. मला सांगा, यावर काही उपाय असतो का? काही पुसायचं असेल, धुवायचं असेल तर तसं सांगा. रविवारी नणंद त्यांना न्यायला येतेय. तिकडे सारखं माणूस असतं घरात. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, आणि यांनी गॅस पेटवला तर? पण त्यांना जायचं नाही हो. परवापासून एक शब्द बोललेल्या नाहीत माझ्याशी. मी काय त्यांना हाकलतेय?"

आत फोन वाजला. "कामाचा आहे," असं म्हणून ताई आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.

मिस्त्री स्वयंपाकघरात आला. आजी टेबलाच्या अलीकडच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी उजव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवलं आणि त्या हळूहळू सरकू लागल्या. थांबल्या. पुन्हा सरकल्या. शेगडी मागे गेली तरी सरकतच राहिल्या, भिंतीला हात लागला तेव्हा दचकल्या आणि उलट्या निघाल्या.

मिस्त्रीला हसू आलं. अगदी आपल्यासारखंच की! डोळे मिटायचे तेवढे बाकी होते.

"काय आजी, माझं काम तपासताय?"

आजी वळल्या. त्याच्याकडे बघून बोलल्या, पण त्यांची नजर त्याच्या कानाच्या बाजूने पलीकडे गेली होती.

"तपासत नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "हरवलेय."

मिस्त्रीच्या हातातली पिशवी हळूहळू खाली गेली. आधी त्याला कपातलं बोट आठवलं. चहा कुठवर आला हे कळायला घातलेलं बोट. मग शेगडीजवळचं टोक आठवलं, कपाटाचा कोपरा आठवला.

"आजी, तुम्हाला दिसत नाही?"

"हळू बोल. उजेड दिसतो. माणूस आलं की सावली हलते. बाकी काही नाही."

"कधीपासून?"

"हळूहळूच गेलं. घर पाठ होतं तोवर अडलं नाही. शेगडीच्या वीतभर आधी तुझी ती पट्टी उचललेली असायची. बोट लागलं की मी हात वर घ्यायचे. कपाटाशी उचललेली, की वळायचं, बाथरूम. चपलांच्या कपाटाची लागली की समोर कडी. पलंगाजवळची लागली की बसायचं." आजींनी पट्टीवरून पुन्हा बोट फिरवलं. "तू इतकं चांगलं काम केलंस बघ, की मला माझंच घर सापडेना."

मिस्त्रीला खाली बसावंसं वाटलं. घरात खुर्च्या होत्या, पण तो उभाच राहिला.

"मग त्या दिवशी सांगायचं नाही का मला?"

"तुला सांगायचं म्हणजे हिला सांगण्यासारखंच."

"मग ताईंनाच सांगा की! त्या बिचाऱ्या घाबरल्यात. त्यांना वाटतंय तुमचं डोकं गेलं."

"डोकं गेलं तर लेकीकडे पाठवतील. डोळे गेले म्हटलं तर खुर्चीत बसवतील." आजींचा आवाज अजिबात चढला नाही. "माझ्या थोरल्या बहिणीचं बघितलंय मी. डोळे गेले म्हटलं की आधी चहा काढून घेतात. मग जिना. मग दार. सगळे प्रेमानंच बरं का. 'तुम्ही बसा, आम्ही करतो.' ती बसली ती पुन्हा उठलीच नाही. तिला कुणी वाईट वागवलं नाही रे. नुसतं बसवून ठेवलं."

आतून ताईंचा फोनवरचा आवाज येत होता.

"तू त्या पट्ट्या होत्या तशा उचलून दे," आजी म्हणाल्या.

मिस्त्रीने पिशवीतली पटाशी चाचपली. पट्टी उचलणं म्हणजे काय, पटाशीचं टोक घालायचं आणि मनगट वळवायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण ताईंना दिसल्यावाचून राहणार नव्हतं. पुन्हा स्वेटर फाटला असता, पुन्हा कुणीतरी दुसरा मिस्त्री येऊन चिकटवून गेला असता. आणि ताईंना खरं सांगावं तर आजी खुर्चीत. न सांगावं तर रविवारी आजी लेकीकडे, परक्या घरात, जिथली एकही कड त्यांच्या बोटाला ठाऊक नाही. शिवाय खरोखरच आग लागली तर? दिसत नसलेल्या बाईला आपण पेटती शेगडी शोधून द्यायची? आपली नात असती तर दिली असती का? त्याच्या डोक्यात सगळा भुसा झाला होता. कुठल्या बाजूने विचार धरावा तेच समजेना.

"आजी, मला काही कळत नाही बघा," तो म्हणाला.

"मग कळेल तेवढं कर."

कळत होतं तेवढं करायला तो टेबलापाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. डोळे मिटून त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला. पुढून काहीच नाही, काचेसारखी. मग त्याने बोट पट्टीच्या खालच्या काठाला नेलं, जिथे कुणाची नजर जात नाही, बाही अडकत नाही. मिस्त्रीने पिशवीतून बारीक कानस काढली.

"आजी, बोट इथं खालून धरायचं. वरून नाही. जमेल?"

"बोट माझंच आहे. जमेल."

त्याने पट्टीच्या खालच्या काठाला कानशीने एक खाच घातली. आयुष्यभर काठ गुळगुळीत करणाऱ्या हाताला ते नको नको होत होतं. आजींनी बोट फिरवलं.

"लागतंय. पण अलीकडे घे. इतकं जवळ घेतलंस तर मी शेगडीवरच हात ठेवायचे."

"इथं?"

"अजून. हां, इथं. आणि एक नको, तीन घाल. शेगडी तापट आहे, तिला मान जास्त दिलेला बरा."

कपाटाच्या कोपऱ्याला दोन घातल्या. दाराजवळ एक. पलंगाशी आजी म्हणाल्या, "इथं नको, पलंग मला गुडघ्याला लागतो." आजी पुढे, मिस्त्री मागे. आजी जागा दाखवत होत्या, तो खाच घालत होता, मग पॉलिशपेपरचा एक हात मारून धार मोडत होता, की बोट कापायला नको. मालकीणबाई इतक्या काटेकोर त्याला आजवर भेटल्या नव्हत्या. दोनदा त्यांनी खाच खोल करायला लावली.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. मिस्त्री दारात उभा. बोट काठाखालून सरकत गेलं, थांबलं, हात वर आला आणि भांडं अचूक शेगडीवर बसलं. काडी पेटली.

ताई बाहेर आल्या तेव्हा दोघं चहा पीत होते. आजींनी तिसरा कप सुनेपुढे सरकवला.

"आई? तुम्ही केलात?"

"मग काय, हा करणार? याच्या इस्त्रीवर?"

ताई कपाकडे बघत राहिल्या. मग मिस्त्रीकडे. "तुम्ही काय केलंत?"

मिस्त्रीने आजींकडे पाहिलं. त्यांना त्याचं बघणं दिसणार नव्हतं, तरी त्यांची मान किंचित हलली.

"पट्ट्या परत गरम केल्या ताई. आतला वास होता तो निघून गेला. डबा खराब निघाला. माझीच चूक."

"मी म्हणत नव्हते? वासच होता!" ताई म्हणाल्या आणि चहाचा कप हातात धरून रडायला लागल्या.

मिस्त्रीने या वेळी कप तळापर्यंत प्यायला.

रविवारी नणंद आली, आईच्या हातचा चहा पिऊन एकटीच परत गेली. ताईंनी ही बातमी सगळ्या इमारतीला सांगितली आणि बातमीला शेपूट लागायचं ते लागलं. इस्त्रीमिस्त्रीच्या गोंदाने माणसाचं डोकं फिरतं. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी कपाटाचं ठरलेलं काम रद्द केलं. रखवालदार फाटकातच म्हणाला, "आले, नाकाला रुमाल लावा रे!" त्या इमारतीतून आणि शेजारच्या दोन इमारतींतून मग त्याला बोलावणं येईनासं झालं.

बायको चिडली. "डबा खराब होता म्हणता? मग मी त्याच डब्यातनं माझ्या चपलेचा तळ चिकटवला, तो बरा लागला! तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही?"

"काय सांगू?"

"वासाचं काही नव्हतं म्हणून!"

"मग कशाचं होतं म्हणून विचारतील."

"कशाचं होतं?"

मिस्त्री इस्त्री पुसत बसला. बायकोला सांगायला हरकत नव्हती, पण बायकोला सांगायचं म्हणजे लेकीला सांगण्यासारखंच, आणि लेक ताईंच्याच रस्त्यावरच्या दुकानात जात होती. "मलाही नीट कळलेलं नाही," तो म्हणाला, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. आपण केलं ते भलं की भलतंच, याचा उलगडा त्याला होत नव्हता. रस्त्यावरून आगीचा बंब घंटा वाजवत गेला की त्याचा हात थांबायचा. हातातलं काम टाकून तो बंब कुठल्या दिशेला वळतो ते बघत राहायचा. त्या बाजूला वळला नाही की पुन्हा कामाला लागायचा.

एकदा त्या इमारतीखालून जाताना त्याला आजी गॅलरीत दिसल्या. कुंड्यांना पाणी घालत होत्या. बहुतेक पाणी कुंडीतच पडत होतं. त्याने हाक मारली, "आजी!" आजींनी पाण्याचा तांब्या कठड्यावर ठेवला आणि हात उंच करून हलवला. तो उभा होता त्याच्या उलट्या दिशेला. मिस्त्रीनेही इकडून हात हलवला.

मग दिवस गेले. नाती रांगल्या, चालल्या, भांडायला लागल्या. मिस्त्रीला त्या आता ओळखू यायच्या, म्हणजे बोलल्यावर. आणि एका सकाळी पुन्हा तो आवाज फोनवर आला. "मिस्त्री, ओळखलंत का? शेगडीच्या टेबलाची पट्टी वाफेनं सुटलीय. येता का? आणि तो वासाचा गोंद नका आणू हं."

ताईंचे केस पांढरे झाले होते. स्वयंपाकघर तेच. शेगडी नवी होती, पण बरोबर जुन्याच जागी. गॅलरीच्या दाराजवळची आजींची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर घडी घातलेला स्वेटर होता. मिस्त्रीने विचारलं नाही. ताईंनीच सांगितलं.

"महिना झाला आई जाऊन. सकाळी उठल्या, चहा केला, आम्हाला दिला. गॅस बंद केला, भांडं झाकलं. म्हणाल्या, जरा बसते. बसल्या त्या बसल्याच."

मिस्त्री वाकून पट्टी बघू लागला. एका टोकाकडून ती सुटून लोंबत होती. त्याने खालच्या काठावरून बोट फिरवलं. तीन खाचा होत्या. त्याने घातल्या तेव्हा त्या खरखरीत होत्या. आता कडा झिजून मऊ झाल्या होत्या आणि तिथलं प्लॅस्टिक चमकत होतं.

"ते काय उंदरांनी कुरतडलंय वाटतं खालून," ताई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, टेबल पुसत होत्या. "सरळ नवीच लावा."

"हो."

"पण एक होतं हं. आईंचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते."

"हो," मिस्त्री म्हणाला.

"चष्मासुद्धा नाही." ताईंचं फडकं शेगडीच्या अलीकडे येऊन थांबलं. "शेगडी दोनदा बदलली आम्ही. बसवायला माणूस आला की म्हणायचा, थोडी डावीकडे घेऊ, जागा होईल. मी बोटभरसुद्धा हलवू दिली नाही. आईंना चाललं नसतं."

मिस्त्रीने मान वर केली. ताईंचा चेहरा खाली होता. त्यांना सगळं ठाऊक होतं की नुसतीच म्हातारीची सवय जपली होती, हे त्याला कळेना. विचारावं असं तोंडाशी आलं होतं. पण त्यांना ठाऊक नसेल, तर विचारण्यातच सांगून टाकल्यासारखं होणार होतं. त्याने इस्त्रीची वायर उलगडली.

गोंद गरम झाला तशी त्याने जुनी पट्टी न तुटता एकसंध काढली, गुंडाळली आणि पिशवीत घातली.

"ती कशाला नेता? टाकून द्या की."

"असू दे ताई. लागते कुठं ना कुठं."

मग त्याने नवी पट्टी बसवली, काठ घासला, डोळे मिटले आणि कडेवरून बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही काही लागलं नाही. तरी शेगडीच्या वीतभर अलीकडे त्याचं बोट आपोआप थांबलं.

ताईंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

आजी वारल्या त्या मिस्त्रीच्या जुळ्या नाती शाळेत जायला लागल्या त्या वर्षी, थंडी सुरू होताना, सकाळी, स्वतःच्या हातचा चहा पिऊन झाल्यावर.